कोल्हापुरीचा धनी कोण?

ठाण्यात कवितावाचनाला जाताना माझ्या पायात कोल्हापुरी चप्पल असते. कल्याण स्टेशनजवळून घेतलेली. पहिले चार दिवस ती करकरते आणि चावतेही. अशाच एका कार्यक्रमानंतर एका भल्या गृहस्थांनी मला विचारलं, "मराठी इतकं चांगलं कसं जमतं हो तुम्हाला?" हेतू वाईट नव्हता. पण आपलीच वस्तू आपल्याला उसनी म्हणून दाखवली की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

ही आठवण पुन्हा जागी झाली ती जून 2025 मध्ये. मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं 'चामड्याचे सँडल' म्हटलं. कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. इथून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीनं मूळ भारतीय कारागिरीचं असल्याचं मान्य केलं.

कंपनीला हा धडा नवा नव्हता. डिसेंबर 2018 मध्ये तिच्या न्यूयॉर्कच्या दुकानात काळ्या चेहऱ्याच्या, जाड लाल ओठांच्या बाहुल्या मांडल्या होत्या. कृष्णवर्णीयांची ती जुनीच टवाळी. बाहुल्या काढाव्या लागल्या. 2019 मध्ये चित्रपट दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने आणि कलावंत थिएस्टर गेट्स या दोघा कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वाखाली सल्लागार मंडळ नेमलं गेलं. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगाशी करार झाला. कर्मचाऱ्यांना वंशभेदाविषयी प्रशिक्षण द्यायचं आणि फॅशनच्या धंद्यात ज्यांना शिरकाव मिळाला नाही त्यांना शिष्यवृत्ती द्यायची, असं ठरलं.

तिकडे वंश, इकडे जात. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावणारे ढोर, चपला शिवणारे चर्मकार. कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं ती शिवतात. पट्ट्यावरची नाजूक वेणी बहुतेक घरांत बायका गुंफतात. चप्पल मिरवत गावात हिंडली, करणारा मात्र वेशीबाहेर राहिला. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या आणि 1906 मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढायला लावली. मी बी.ए. झालो तो कल्याणात, पण त्या संस्थेचं ऋण मी मानतो. कसब हातात असूनही शाळेचं दार बंद असेल तर माणूस धनी होत नाही, मजूरच राहतो, हे महाराजांना उमगलं होतं.

म्हणून डिसेंबर 2025 चा करार मला फॅशनच्या बातमीपेक्षा मोठा वाटतो. प्राडानं तो महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकच्या बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळाशी केला. दोन हजार जोड इथं बनवून घ्यायचे, किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. आपल्याकडे हजाराच्या आत बरी जोडी मिळते! वर्तमानपत्रांनी या किमतीचीच चर्चा केली. मला मात्र त्यातलं दुसरं कलम महत्त्वाचं वाटलं: तीन वर्षं कारागिरांचं प्रशिक्षण, इथं आणि काही काळ इटलीतल्या प्राडाच्या अकादमीतही.

स्टेशनबाहेर माझी चप्पल शिवणाऱ्या काकांना मी हे सांगितलं. त्यांनी आरीवरची नजर न काढता विचारलं, "ते आपल्याला शिकवणार, का आपण त्यांना?" मला उत्तर देता आलं नाही. न्यूयॉर्कमध्ये अपमान ज्यांचा झाला त्यांच्यातलीच माणसं मंडळाच्या वरच्या खुर्चीवर बसली. इथं सह्या महामंडळांच्या आहेत. पुढं इटलीला गेलेल्यांची यादी जाहीर झाली, तर तिच्यात वेणी गुंफणाऱ्या बायका किती, हे मी आधी मोजणार आहे.