टीसीएलची गोणी आणि क्लोरीनचा भाव

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत जाऊन 'विरंजक चूर्ण आहे का?' असे विचारले, तर समोरचा माणूस बुचकळ्यात पडेल. 'टीसीएल आहे का?' असे विचारा, तो लगेच कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवील. पाठ्यपुस्तकातले विरंजक चूर्ण, दुकानातली ब्लीचिंग पावडर आणि ग्रामपंचायतीचे टीसीएल या तिन्ही नावांचा पदार्थ मुळात एकच. टीसीएल म्हणजे 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम'. यातला 'ट्रॉपिकल' हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. साधी ब्लीचिंग पावडर उष्ण आणि दमट हवेत लवकर दुबळी होते. म्हणून उष्ण प्रदेशासाठी तिच्यात जादा कळीचा चुना घालून ती टिकाऊ करण्याची पद्धत पडली. हा चुना ओलावा शोषून घेतो आणि पावडरीतला क्लोरीन काही काळ सांभाळतो. 'काही काळ' हे शब्द लक्षात ठेवावेत.

बाजारात क्लोरीन अनेक रूपांत मिळतो. कपड्यांसाठी घरगुती ब्लीचची बाटली असते, पोहण्याच्या तलावांसाठी डब्यांतून येणारी दाणेदार पावडर असते, कॅनमधले द्रावण असते, टीसीएलची गोणी असते आणि शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत द्रवरूप क्लोरीनची सिलिंडरे असतात. यांपैकी स्वस्त कोणते? प्रश्न किराणा दुकानातला वाटतो, पण पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आला तो याच प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता.

स्वीडनमध्ये शील याने १७७४ साली पायरोल्युसाइट या खनिजावर म्युरिअ‍ॅटिक आम्लाची, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची, क्रिया करून एक हिरवट पिवळा, घुसमटवणारा वायू मिळवला. हे मूलद्रव्य आहे असे डेव्हीने १८१० मध्ये ठामपणे सांगितले आणि त्याला क्लोरीन हे नाव दिले. तोवर कापडवाले मात्र थांबले नव्हते. फ्रान्समध्ये बर्थोले याने १७८५ च्या सुमारास या वायूने कापड पांढरे होते हे दाखवले होते. त्याआधी युरोपात सुती व तागाचे कापड आंबट ताकात भिजवून, कुरणावर पसरून महिनोन् महिने उन्हात ठेवावे लागे. जमीन अडकायची आणि भांडवलही अडकायचे. नवा वायू हे काम काही तासांत करी, पण तो गावोगाव न्यायचा कसा? ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये विझवलेल्या चुन्यात क्लोरीन शोषवून कोरडी पावडर तयार केली आणि तिचे पेटंट घेतले. वायू पिंपात भरून पाठवता येऊ लागला.

या पावडरीच्या भावाची नोंद उपलब्ध आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. १७९९ मध्ये टनाला १४० पौंड, १८२५ मध्ये २७ पौंड, १८७० मध्ये साडेआठ पौंड. सत्तर वर्षांत भाव सोळाव्या हिश्श्यावर आला. याचे श्रेय एकट्या टेनंटला देता येणार नाही. ल-ब्लांक पद्धतीने धुण्याचा सोडा करणाऱ्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सर्रास हवेत सोडली जाई आणि आसपासची शेते करपत. ब्रिटनने १८६३ मध्ये कायदा करून ती अडवली. अडवलेल्या आम्लाचे करायचे काय, हा प्रश्न वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धतींनी सोडवला. त्या आम्लापासून क्लोरीन आणि क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर. प्रदूषणाला आळा घातला आणि माल स्वस्त झाला, असे उदाहरण वर्गात सांगायला मी नेहमी सुचवतो.

स्वस्ताईची ओढ वैद्यकातही दिसते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस याने १८४७ मध्ये विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. त्याने प्रथम क्लोरीनचे द्रावण वापरले होते. ते महाग पडते म्हणून तो लवकरच ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणाकडे वळला.

पिण्याच्या पाण्यापर्यंत ही पावडर पोचायला आणखी अर्धे शतक गेले. कॉलरा पाण्यातून पसरतो हे जॉन स्नो याने १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखवले. रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कॉलऱ्याचा जंतू अभ्यासत कलकत्त्यात होता. आग्र्याला काम करणाऱ्या हॅनकिन या जंतुशास्त्रज्ञाने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढे आणला आणि हिंदुस्थानात गावोगाव विहिरींचे पाणी गुलाबी होऊ लागले. परमँगनेट कॉलऱ्याच्या जंतूला मारते, पण इतर अनेक जंतूंवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय पाण्याचा रंग आणि चव बदलते. आज विहिरींसाठी त्याची शिफारस केली जात नाही.

इंग्लंडमधील मेडस्टन गावात १८९७ मध्ये विषमज्वराची साथ आली, तेव्हा नळांचे जाळे ब्लीचिंग पावडरने धुऊन काढले गेले. लिंकन येथे १९०५ मध्ये ह्यूस्टन याने शहराच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट सतत सोडण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील जर्सी सिटीची गोष्ट १९०८ ची. पाणीपुरवठा करणाऱ्या कंपनीने करारानुसार शुद्ध पाणी द्यावे, म्हणजे जलाशयाच्या पाणलोटात गटारे बांधावीत, अशी मागणी घेऊन शहर न्यायालयात गेले होते. कंपनीचे सल्लागार डॉ. लील यांनी अभियंता फुलर याच्या मदतीने बूंटन जलाशयाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीचे द्रावण सोडायला सुरुवात केली. गटारांच्या खर्चापुढे पावडरीचा खर्च किरकोळ होता. 'पाण्यात रसायन घालता?' यावर न्यायालयात पुष्कळ उलटतपासणी झाली, पण निर्णय अखेर क्लोरीनच्या बाजूने लागला.

द्रवरूप क्लोरीन पोलादी सिलिंडरात भरून पाणी निर्जंतुक करावे ही कल्पना १९०३ मध्ये मांडणारा नेसफील्ड हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, म्हणजे आपल्याकडे नोकरी करणारा अधिकारी होता. त्यानंतर बाराच वर्षांनी, १९१५ मध्ये, ईप्रच्या रणांगणावर तीच सिलिंडरे माणसे मारण्यासाठी उघडण्यात आली.

विसाव्या शतकात क्लोरीनच्या अर्थकारणाचा पायाच बदलला. मिठाच्या द्रावणातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन एकदमच मिळतात. साबण आणि कागद यांना कॉस्टिक सोडा हवा असतो, क्लोरीन मागाहून गळ्यात पडतो. कधीकधी तो उचलून नेण्यासाठी कारखानदारालाच पदरचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे बाटलीच्या किंवा गोणीच्या किमतीत क्लोरीनची किंमत थोडी. वेष्टन, वाहतूक आणि पाणी यांचीच जास्त.

आता हिशेब करू. पुढचे भाव केवळ उदाहरणासाठी मानले आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातले घालावेत. घरगुती ब्लीचमध्ये साधारण ४ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, म्हणजे लिटरमध्ये ४० ग्रॅम. बाटली ४० रुपयांना धरली तर १०० ग्रॅम क्लोरीन १०० रुपयांना पडला. कॅनमधले १० टक्क्यांचे द्रावण १५ रुपये लिटर धरले तर तोच १५ रुपयांना. तलावाची ६५ टक्क्यांची पावडर २०० रुपये किलो धरली तर सुमारे ३१ रुपयांना. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन. ४० रुपये किलो धरल्यास १०० ग्रॅमला १२ रुपये. बाटलीतून आपण मुख्यतः पाणी विकत घेतो हे उघड आहे.

पण गोणीचा हा १२ रुपयांचा भाव ती ताजी असेपर्यंतच खरा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे टाकलेल्या गोणीत हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शिरतो, क्लोरीन निसटतो आणि उरतो तो चुना. दिसायला पावडर तशीच पांढरी. उग्र वास येतो म्हणून ती जोरकस असेल असे लोकांना वाटते, खरे तर तो वास क्लोरीन गोणीबाहेर चालल्याची खूण आहे. कॅनमधले द्रावण तर उन्हात त्याहून लवकर मरते. ३३ टक्क्यांचे ११ टक्के झाले की भाव तिप्पट झाला. आणि भाव कळायच्या आत पाणी प्यायले गेलेले असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तसेच हे.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर या नेहमीच्या प्रमाणाने ७० ग्रॅम पावडर लागेल. ती ११ टक्क्यांची निघाली तर २१० ग्रॅम हवी. पंचायतीचा माणूस मात्र वहीत लिहिल्याप्रमाणे ७० ग्रॅमच टाकणार. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरते, तेव्हा सेंद्रिय गाळच बराचसा क्लोरीन खाऊन टाकतो. गॅस्ट्रोची साथ येते ती नेमकी याच दिवसांत. म्हणून तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला की नाही हे पाहावे लागते. ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी पाणी पिवळे होते का, ही गावात केली जाणारी 'ओटी टेस्ट' हेच सांगते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती दिली आहे. एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण आतल्या मडक्यात भरायचे आणि भोके पाडलेली ती जोडी पाण्याखाली मीटरभर टांगायची. साडेचार हजार लिटरच्या विहिरीला ती दोन-तीन आठवडे पुरते.

नांदेड शहराला गोदावरीवरच्या विष्णुपुरीतून आणि लातूरला मांजरा धरणातून पाणी मिळते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. वरच्याच प्रमाणाने या पाण्याला किती टीसीएल लागेल? सव्वासहा किलो. आपल्या मानलेल्या भावाने अडीचशे रुपयांचे! सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर गाडी चालवण्याच्या खर्चापुढे ही रक्कम मोजण्यातही येणार नाही. मात्र ते सव्वासहा किलो जुन्या गोणीतले असते, तर सगळा खटाटोप धोक्यात आला असता. स्वस्त पदार्थाची कोणी तपासणी करत नाही, ही खरी अडचण आहे.

ही तपासणी माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. गावच्या गोणीतली १ ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात खलून १०० मिलिलिटर करा. चांगली हलवून, गाळ बसू न देता, त्यातले १० मिलिलिटर घ्या. त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड आणि थोडे अ‍ॅसेटिक आम्ल घाला. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र नको. ब्लीच आणि फरशीचे अ‍ॅसिड एकत्र आले की शीलचा तो घुसमटवणारा वायू बाहेर पडतो, हे मुलांना या वेळी सांगून टाकावे. मोकळ्या झालेल्या आयोडीनने द्रावण तपकिरी होईल. लिटरमध्ये २४.८ ग्रॅम हायपो विरघळवून केलेले द्रावण ब्युरेटमधून सोडत जा. रंग फिका पिवळा झाला की स्टार्चचे थेंब घाला आणि निळा रंग जाईपर्यंत पुढे चला. जितके मिलिलिटर हायपो लागले, त्याला ३.५५ ने गुणले की पावडरीतल्या उपलब्ध क्लोरीनची टक्केवारी मिळते. ताज्या टीसीएलला नऊ मिलिलिटरांहून थोडे जास्त लागते. तीन मिलिलिटरांतच निळा रंग गेला, तर वही घेऊन सरळ ग्रामसेवकाकडे जावे.