हवाई बंदुकीचें पोट आणि घरचे कारागीर

जत्रेंत फुगे फोडण्यासाठीं जी बंदूक हातीं देतात, तिचें पोट उघडून पाहण्याची इच्छा फारच थोड्यांना होते. दारू नाहीं, धूर नाहीं, आणि तरीहि शिशाची गोळी सुटते. इतक्यावरच बहुतेकांचें कुतूहल थांबतें. परंतु इंग्लंड, जर्मनी व अमेरिका या देशांत असा एक वर्ग निर्माण झाला कीं ज्यानें बाजारांतून आणलेली बंदूक आधीं टेबलावर सोडविली, आणि मगच नेमबाजीस घेतली. या हौशी मंडळींचा इतिहास केवळ छंदाचा इतिहास नव्हे. त्यांत पदार्थविज्ञान आहे, आणि थोडासा कायदाहि आहे.

बंदुकीची रचना सांगावयास सोपी आहे. तिच्या पोटांत एक पोलादी नळकांडें असतें. त्यांत दट्ट्या, आणि दट्ट्यामागें मजबूत स्प्रिंग. नळी मोडून खालीं ओढली, किंवा नळीखालची दांडी ओढली, कीं दट्ट्या मागें सरतो, स्प्रिंग दबते आणि दट्ट्या चापाच्या आंकड्यांत अडकून राहतो. चाप ओढतांच दट्ट्या पुढें झेपावतो, त्याच्यापुढची हवा कोंडली जाऊन बारीक छिद्रांतून नळींत शिरते व गोळीला ढकलते. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा जोरानें लोटला असतां जें घडतें, तेंच येथें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं घडतें. पंप तापतो, हें सायकल बाळगणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ही उष्णता लक्षांत ठेवावी. पुढें सारा वाद तिच्यावरूनच माजला.

हवेची बंदूक तशी जुनी. जिरार्दोनी याची हवाई रायफल अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यांत होती. परंतु तिच्या दस्त्यांत हवेची टांकी असे व ती पंपानें आधीं भरून ठेवावी लागे. स्प्रिंगच्या बंदुकीस असा सांठा लागत नाहीं. तिला आजचें प्रौढ रूप दिलें तें बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज या बंदूककारानें. त्यानें १९०४ सालीं आपल्या रचनेचें पेटंट मिळविलें आणि १९०५ पासून बी. एस. ए. च्या कारखान्यांत ती बंदूक तयार होऊं लागली. नळी पक्की, आंत आटे पाडलेले, आणि स्प्रिंग दाबण्यास खालीं दांडी. पूर्वींच्या मोडक्या-तोडक्या खेळण्यांपुढें ही बंदूक म्हणजे घड्याळच! त्या भागांतील कामकरी लोकांनीं तिच्यासाठीं मंडळें काढलीं. लोखंडी निशाणाच्या मध्यभागीं लहानसें भोक, त्यामागें घंटा; गोळी भोकांतून गेली कीं घंटा वाजावयाची. दिवसभर कारखान्यांत कानस चालविणारा मनुष्य संध्याकाळीं आपली बंदूक स्वतःच नीट करूं लागला, तर त्यांत नवल तें काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींत शस्त्रें बनविण्यास बंदी आली. रास्टाट येथील ‘डायना’ बंदुकांची यंत्रसामग्री स्कॉटलंडांत गेली. झेलाहून निघालेलें वायराउख हें घराणें १९४८ सालीं मेलरिकश्टाट येथें येऊन स्थिरावलें. बंधनें सैल होतांच या कारखान्यांनीं प्रथम हवाई बंदुकाच हातीं घेतल्या. वायराउखची ‘एच्. डब्ल्यू. ३५’ ही त्यांतील नामांकित. पुढें इंग्रज हौशी मंडळींनीं जी बंदूक सर्वांत अधिक वेळां सोडविली असेल, ती बहुधा हीच.

सोडवून करावयाचें काय? नवशिका प्रथम अधिक जाड स्प्रिंग घाली, आणि येथेंच त्याची फसगत होई. दट्ट्या नळकांड्याच्या टोंकाशीं पोंचण्याच्या सुमारास त्याच्यापुढें कोंडलेली हवा इतकी ताठ होते कीं दट्ट्या तिच्यावर आपटून मागें उसळतो. स्प्रिंग वाढविली कीं हें उसळणेंहि वाढतें. गोळीचा वेग मात्र त्या मानानें वाढत नाहीं. शिवाय या बंदुकीचा धक्का दुहेरी. दट्ट्या सुटतांच ती मागें येते, आणि दट्ट्या थांबतांच पुढें हिसका देते. दारूच्या बंदुकीवर वर्षानुवर्षें टिकलेल्या दुर्बिणी या उलट्या हिसक्यानें निकामी झाल्या आहेत. शहाणा कारागीर म्हणून जोराच्या मागें न लागतां शांततेच्या मागें लागे. स्प्रिंगचीं टोंकें सपाट घासून गुळगुळीत करणें, तिच्या आंतील मार्गदर्शक नळी घट्ट बसणारी करणें, चामड्याचा वॉशर काढून टिकाऊ कृत्रिम द्रव्याचा बसविणें, आणि वंगण अगदीं बेतानें लावणें, हीं त्याचीं कामें. दाबलेली स्प्रिंग आंत असतां मागची टोपी हातानें उघडणारा मात्र दांत गमावण्याच्या बेतांत असतो. त्यासाठीं स्प्रिंग आवळून धरणारी चौकट आधीं करावी लागते.

वंगण बेतानें कां, याचें खरें उत्तर १९७६ सालीं मिळालें. त्या वर्षीं कार्ड्यू पितापुत्रांचा हवाई बंदुकीवरील ग्रंथ इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. नळकांड्यांतील थोडें तेल कोंडलेल्या हवेच्या उष्णतेनें पेट घेतें, अशी शंका होतीच. डीझेल एंजिनांत ठिणगीवांचून तेल पेटतें तें याच न्यायानें. पण तें सिद्ध कसें करावें? या दोघांनीं बंदूक नायट्रोजन वायूंत ठेवून झाडली. नायट्रोजनांत कांहीं जळूं शकत नाहीं. स्प्रिंग तीच, दट्ट्या तोच, गोळी तीच. आणि वेग मात्र सुमारें एक-तृतीयांशानें उतरला! केवळ स्प्रिंगच्या बळावर चालते अशी समजूत असलेली बंदूक वस्तुतः दर वेळीं किंचित् तेलहि जाळीत होती. प्रयोग इतका साधा आहे कीं शाळेच्या फळ्यावर समजावून देतां येईल, आणि त्याची सर्व थोरवी त्या साधेपणांतच आहे.

याचा अर्थ तेल ओतून वेग वाढवावा असा कांहींनीं घेतला, हें दुर्दैव. जळणें जेव्हां भडक्याचें रूप घेतें, तेव्हां मोठा आवाज होतो, वॉशर जळतात, स्प्रिंगा तुटतात, आणि एक गोळी दुसरीसारखी जात नाहीं. नेमबाजाला याहून वाईट तें कोणतें?

कायद्याचीहि आडकाठी होती. ब्रिटनमध्यें १९६९ च्या नियमांनीं रायफलच्या गोळीची शक्ति १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारें १६ ज्यूल, ठरली. त्यापलीकडे गेलेल्या बंदुकीस अग्निशस्त्राचा दाखला हवा. बाजारांत निर्दोष असलेली बंदूक घरच्या बाकावर एका स्प्रिंगनें बेकायदा होऊं शकते, आणि अज्ञान ही सबब चालत नाहीं. म्हणून पुढें वेग मोजण्याचें विजेवर चालणारें यंत्र घरोघरीं परवडूं लागलें, तेव्हां सावध कारागिराच्या हत्यारांत कानशीच्या शेजारीं तेंहि आलें.

धक्क्याचा प्रश्न दुसऱ्या वाटांनींहि सोडविण्यांत आला. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाउनें १९६१ सालीं सारी यंत्ररचनाच दस्त्यांतील रुळांवर सरकती ठेवली. हिसका नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोंचेनासा झाला. १९८० नंतरच्या दशकांत थिओबेन या इंग्रज मंडळीनें स्प्रिंगच काढून तिच्या जागीं कोंडलेला वायु घातला. तरीहि पोलादी स्प्रिंगची बंदूक मागें पडली नाहीं. ती घरीं उघडतां येते, हें तिचें एक कारण असावें.

भारतांत २०१६ च्या शस्त्रनियमांनीं २० ज्यूल शक्ति व ४.५ मिलिमीटर व्यास अशी रेषा आंखली. तिच्या अलीकडील हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं. पलीकडील बंदुकीस, मग ती कारखान्यांतून तशी आलेली असो कीं घरीं तशी केलेली असो, परवाना लागतो.