ग्रॅनोला : एक अक्षर आणि पाव वाटी मध

ग्रॅनोला घरी करायचा तर फारसं काही लागत नाही. तीन वाट्या ओट्स, वाटीभर बदाम-अक्रोडाचे तुकडे आणि भोपळ्याच्या नाहीतर सूर्यफुलाच्या बिया, पाव वाटी तेल, पाव वाटी मध, चिमूटभर मीठ. सगळं नीट कालवून ट्रेमध्ये पसरायचं, ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला २५ ते ३० मिनिटं ठेवायचं आणि मध्ये एकदा उलथायचं. बाहेर काढल्यावर मात्र पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. बेदाणे घालायचे असतील तर अगदी शेवटी, कारण ते ओव्हनमध्ये जळून कडू होतात.

यात मध दोन कामं करतो. एक उघडच आहे, गोडी. दुसरं काम बांधण्याचं. तापल्यावर मधातलं पाणी उडतं, उरलेली साखर गार होताना काचेसारखी घट्ट होते आणि ओट्स एकमेकांना धरून ठेवते. ज्याने चिक्कीचा पाक केला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तेलामुळे ओट्स सगळीकडून सारखे भाजले जातात. मध वगळला तर उरतात ते सुटे, भाजलेले ओट्स. म्हणजे गोडी ही ग्रॅनोलाची चैन नाही, बांधणीच आहे, असं आपल्याला वाटतं.

गंमत अशी की हे नाव ज्या पदार्थावरून आलं त्यात साखरेचा कणही नव्हता. चमचमीत खाण्याने माणूस बिघडतो असं मानणाऱ्या लोकांनी तो केला होता. तिथपासून आजच्या मधाळ, कुरकुरीत डब्यापर्यंतचा प्रवास हा चवीचा इतिहास आहेच. पण वाटीत किती गोड पडायचं हे कोणी ठरवायचं, याचाही तो इतिहास आहे.

डॅन्सव्हिल, १८६३

गोष्टीची सुरुवात सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) या अमेरिकन धर्मोपदेशकापासून करावी लागते. ग्रॅहम डॉक्टर नव्हता. दारूबंदीच्या प्रचारातून तो आहाराकडे वळला आणि १८३०च्या दशकात गावोगाव व्याख्यानं देऊ लागला. मांस, दारू, चहा, कॉफी, मसाले यांनी शरीर उत्तेजित होतं आणि त्यातून रोग आणि वासना दोन्ही वाढतात, असं तो सांगे. त्याचा उपाय होता कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव. त्या पिठाला अजूनही ‘ग्रॅहम फ्लावर’ म्हणतात. १८३७ साली त्याने पावावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक आग्रह आपल्या कामाचा आहे: पाव बाजारातून आणू नये, घरच्या बाईने घरी भाजावा. बेकरीवाला नफ्यासाठी पिठाचं काय करेल याचा भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं. बेकरीवाले त्याच्यावर चिडून होते यात नवल नाही. घरचा पाव म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक काम, हा हिशेब मात्र त्याने मांडला नाही.

ग्रॅहमच्या विचारांवर वाढलेल्यांपैकी एक जेम्स केलेब जॅक्सन. १८११चा जन्म. तारुण्यात तो गुलामगिरीविरोधी चळवळीत व्याख्याता आणि संघटक होता. स्वतःची तब्येत ढासळल्यावर जलोपचारांनी बरं वाटलं, म्हणून तो त्याच वाटेला लागला. १८५८ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावचं एक आरोग्यधाम हाती घेतलं. तिथे औषधं नव्हती. थंड पाण्याचे उपचार, मोकळी हवा, व्यायाम आणि साधं जेवण. स्त्रियांना कंबर आवळणारे लांब झगे सोडून आखूड झगा आणि विजार घालायचा सल्ला दिला जाई. गुलामगिरी, दारू, कॉर्सेट आणि मसालेदार जेवण ही सगळी या सुधारकांच्या लेखी माणसाला बांधून ठेवणारी बंधनंच होती.

१८६३ साली, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, जॅक्सनने रुग्णांसाठी एक पदार्थ केला. ग्रॅहमचं पीठ आणि पाणी यांच्या पातळ लाद्या कडक होईपर्यंत भाजायच्या, फोडायच्या, पुन्हा भाजायच्या आणि आणखी बारीक करायच्या. आपल्या बेकरीतल्या टोस्टचा हा चुलतभाऊ, फक्त साखर, तूप, वेलदोडा सगळं वजा करून. त्याचं नाव ‘ग्रॅन्युला’, म्हणजे बारीक दाणे. हे दाणे इतके कडक होते की रात्रभर दुधात किंवा पाण्यात भिजवल्याशिवाय खाताच येत नसत. ओट्सचा त्यात पत्ता नव्हता. वाफवून, लाटून चपटे केलेले ओट्स अमेरिकन बाजारात रुळायला अजून काही वर्षं होती.

आज हे वर्णन वाचून कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. पण त्यात एक नवी गोष्ट होती. तेव्हाच्या अमेरिकन न्याहारीत खारवलेलं डुकराचं मांस, तळलेले बटाटे असं जड अन्न असे आणि अपचन ही घरोघरची तक्रार होती. ग्रॅन्युला आधीच शिजलेला होता. सकाळी चूल न पेटवता खाता येईल अशी थंड न्याहारी इथे पहिल्यांदा आकार घेत होती.

एका अक्षराचं भांडण

१८६३ सालीच ‘सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट’ हा ख्रिस्ती पंथ रीतसर स्थापन झाला. शाकाहार आणि आरोग्य हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग झाला. त्यांच्या एक संस्थापक एलन व्हाइट १८६४ साली डॅन्सव्हिलला जाऊन आल्या आणि दोन वर्षांत पंथाने मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे स्वतःचं आरोग्यधाम उघडलं. १८७६ साली त्याची सूत्रं चोवीस वर्षांच्या जॉन हार्वे केलॉग या डॉक्टरकडे आली.

केलॉगने गहू, ओट्स आणि मका यांची पिठं एकत्र करून, भरपूर भाजून, दळून आपला एक पदार्थ केला. कोरड्या उष्णतेत बराच वेळ भाजल्याने पिष्टाचं डेक्स्ट्रिन होतं, म्हणजे पचनाचं अर्धं काम ओव्हनमध्येच उरकतं, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानेही नाव ठेवलं ‘ग्रॅन्युला’. जॅक्सनने कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलॉगने नावातलं एक अक्षर बदललं. ग्रॅन्युलाचा ग्रॅनोला झाला.

भांडण नावावर का झालं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पीठ भाजायचं आणि फोडायचं, ही कृती कोणाच्याही मालकीची होऊ शकत नव्हती. ज्याच्या घरी चूल होती तो ते करू शकत होता. अडवता येत होता तो फक्त शब्द. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं न्याहारीच्या डब्यांचा धंदा याच पायावर उभा राहिला: आतलं धान्य स्वस्त, करायची रीत सोपी, महाग ते नाव.

बॅटल क्रीकमध्ये हे लवकरच दिसू लागलं. कडक टोस्टवर एका वृद्ध रुग्णबाईची कवळी मोडली आणि तिने दहा डॉलर भरपाई मागितली, म्हणून आपण मऊ पदार्थ शोधू लागलो, अशी गोष्ट केलॉग स्वतः सांगत असे. १८९४ साली गव्हाचे फ्लेक्स झाले आणि मग मक्याचे. सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा माणूस १८९१ साली तिथे उपचारासाठी येऊन राहिला होता. त्याने गावातच कारखाना काढून १८९७ साली ‘ग्रेप-नट्स’ आणलं. त्यात द्राक्षं नाहीत, नट्सही नाहीत. गहू आणि जवाचा तो भाजून फोडलेला पाव, जॅक्सनच्या ग्रॅन्युलाचा जवळचा नातेवाईक. फ्लेक्सपुढे आणि अशा नव्या नावांपुढे ग्रॅनोला हा शब्द मागे पडत गेला.

आणि इथेच साखर आत आली. जॉन हार्वेचा धाकटा भाऊ विल कीथ अनेक वर्षं आरोग्यधामाचे हिशेब आणि व्यवहार सांभाळत होता. त्याला मक्याच्या फ्लेक्समध्ये साखर घालायची होती. लोकांना आवडेल आणि खपेल, एवढं साधं कारण. डॉक्टर भावाला ते मान्य नव्हतं. त्याच्या दृष्टीने हे अन्न रुग्णाचं होतं, गिऱ्हाइकाचं नव्हतं. सौम्य अन्नाने वासनाही शांत राहतात, असंही तो लिहीत असे. (कॉर्नफ्लेक्स मुळात त्यासाठीच शोधले, ही लोकप्रिय दंतकथा मात्र खरी नाही. शोध पचनाच्या खटपटीतून लागला.) १९०६ साली विल कीथने वेगळी कंपनी काढली. ‘केलॉग’ हे नाव कोणी वापरायचं यावरून दोघं भाऊ कोर्टात भांडत राहिले आणि १९२० साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात धाकटा जिंकला. पुन्हा एकदा, भांडण नावाचं.

परतीचा प्रवास

१९६०च्या दशकात ग्रॅनोला परत आला तो वेगळ्या अंगाने. आता त्यात चपटे ओट्स होते, खोबरं, तीळ, नट्स, तेल, मध किंवा ब्राऊन शुगर होती. १९७२ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने लेटन जेन्ट्री या माणसाला या पुनरागमनाचा दूत ठरवलं. त्याने आपली कृती टेनेसीतल्या कॉलेजडेल इथल्या सोव्हेक्स कंपनीला ३००० डॉलरला विकली होती. १९६७ साली रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडचे हक्क त्याने १५०० डॉलरला परत घेतले आणि कॅलिफोर्नियातल्या लॅसन फूड्सला १८,००० डॉलरला विकले. कॉलेजडेल हे अॅडव्हेंटिस्ट पंथाचं गाव. म्हणजे हिप्पींचा मानला गेलेला हा पदार्थ दाराशी आला तो जुन्या आरोग्यधामवाल्यांच्याच स्वयंपाकघरातून.

हिप्पींनी तो आपलासा केला, कारण तो घरी होत होता. कारखान्यातला पांढरा पाव, पांढरी साखर, रंगीत डबे यांना ते उत्तर होतं. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला चार लाखांच्या आसपास माणसं जमली आणि खाण्याचे स्टॉल अपुरे पडले. तेव्हा ‘हॉग फार्म’ या कम्यूनच्या लोकांनी मंचाजवळची जागा सोडायला तयार नसलेल्यांना कागदी कपांतून ग्रॅनोला वाटला. पुढे ‘ग्रॅनोला’ हा शब्द अशा माणसांसाठी विशेषण म्हणूनही वापरला जाऊ लागला.

कंपन्यांना उशीर झाला नाही. १९७२ साली ‘हार्टलँड’, पाठोपाठ क्वेकर, जनरल मिल्स आणि केलॉग्ज. १९७५ साली ग्रॅनोलाची वडीही आली. पांढऱ्या साखरेचा निषेध म्हणून आलेला मध आता जाहिरातीचा मुद्दा झाला. पण मधाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग साखरच असतो, आणि कुरकुरीत गोळे हवे असतील तर ती भरपूर लागते. पदार्थ गोड झाला, आरोग्याचं नाव मात्र १८६३चंच राहिलं. २०१६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेत केलेल्या पाहणीत ग्रॅनोला पौष्टिक आहे असं ८० टक्के सामान्य लोकांना वाटत होतं. आहारतज्ज्ञांमध्ये तेच प्रमाण ४७ टक्के होतं.

तळोजा आणि औंध रस्ता

बॅटल क्रीकची ही दोन्ही अंगं महाराष्ट्रातही आली, वेगवेगळ्या वाटांनी. कंपनीची वाट सर्वांना ठाऊक आहे. १९९४ साली केलॉग्ज भारतात आली आणि रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याला कारखाना उभा राहिला. आपण फ्लेक्सवर गरम दूध ओतलं, ते लगदा झाले आणि कंपनी बुचकळ्यात पडली, हा किस्सा आता व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो. दुसरी वाट त्याहून जुनी आहे. अॅडव्हेंटिस्टांचं स्पायसर कॉलेज १९४२ साली पुण्यात आलं, आणि औंध रस्त्यावरच्या या संस्थेचा ब्राऊन ब्रेड आणि पीनट बटर पुणेकर आवडीने घेत आले. कोंड्यासकट गव्हाचा पाव ही ग्रॅहमची शिकवण इथे बिनगाजावाजा पोचली होती.

आता दुकानांत गुळाचा, नाचणीचा, बाजरीचा ग्रॅनोला मिळतो. डबा उलटून घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पण गूळ, मध, खजुराचा पाक, माल्ट अर्क असे गोड पदार्थ वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि ओट्स दिमाखात पहिले राहतात. बेरीज आपल्यालाच करावी लागते.

घरी ही बेरीज आधीच झालेली असते. वर दिलेल्या प्रमाणात घातलेली साखर एकूण वजनाच्या साधारण आठवा हिस्सा होते. ती कमी करता येते. मध निम्मा केला आणि अंड्याचा पांढरा भाग फेटून घातला, तर तोही गोळे धरतो. अंडं नको असेल तर पिकलं केळं कुस्करून घालावं, मात्र आच मंद ठेवून जरा जास्त वेळ भाजावं. नुसते सुटे, खमंग ओट्स चालत असतील तर मध एक चमचाही पुरतो. किती गोळे आणि किती गोड, हा सौदा प्रत्येक ट्रेच्या वेळी नव्याने करता येतो. डॅन्सव्हिलच्या रुग्णाला तो करता येत नव्हता, कारण तिथे डॉक्टर ठरवत होता. डबा विकत घेणाऱ्यालाही येत नाही, कारण तिथे कारखान्याने तो आधीच करून ठेवलेला असतो.