ट्वीड नदीच्या पाण्यात

बीड या इंग्रज मठवासीचा (मराठी वाचकाला इथे जिल्हा आठवणारच) लॅटिन इतिहासग्रंथ इ. स. ७३१मध्ये पुरा झाला. त्यात ड्रिथेल्म नावाच्या गृहस्थाची हकिगत आहे. नॉर्थम्ब्रियातला हा संसारी माणूस आजारी पडून संध्याकाळ उलटताच वारला आणि पहाटे उठून बसला. भोवती रडणारे घाबरून पळाले. बायको तेवढी थरथरत थांबली. तिचा जीव त्याच्यावर अधिक होता, असे बीड लिहितो.

मधल्या वेळात एका तेजस्वी वाटाड्याने त्याला एक दरी दाखवली होती. एका बाजूला आग, दुसरीकडे गारा आणि बर्फ. होरपळलेले जीव गारठ्यात उड्या घेत, तिथेही चैन नाही म्हणून पुन्हा आगीत. हाच नरक, असे त्याला वाटले. वाटाड्या म्हणाला, नाही. नरकाचा दुर्गंधी खड्डा पुढे होता. दरीत होते ते मरतेवेळीच पश्चात्ताप केलेले; जिवंतांच्या प्रार्थना, दानधर्म, उपास यांमुळे त्यांतले पुष्कळ न्यायाच्या दिवसाआधीच सुटणार होते.

अशा जागेचे लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले, असे फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ दाखवतात. म्हणून या उताऱ्याचे भाषांतर करताना ‘शुद्धिस्थान’ हा तयार शब्द मी टाळते. ड्रिथेल्मपाशी नुसती दरी होती.

‘निअर-डेथ एक्स्पीरियन्स’ हा शब्दप्रयोग १९७५च्या रेमंड मूडींच्या पुस्तकाने सर्वतोमुखी केला. तेव्हापासून अशा हकिगतींना आपण पहिल्यांदा पुरावा मागतो. बीडच्या वाचकांना मरणानंतर काही आहे का, हा प्रश्नच नव्हता. जिवंत माणसांना जागे करणे हा त्याचा हेतू होता. ड्रिथेल्मही पाहिलेले कुणालाही सांगत नसे. ज्याला भीतीचा किंवा आशेचा उपयोग होईल, त्यालाच सांगे. राजा आल्डफ्रिथ मात्र ते ऐकायला वारंवार येई.

उठल्यावर त्याने मालमत्तेचे तीन वाटे केले: बायकोला, मुलांना, गरिबांना. मग तो मेलरोझच्या मठात गेला. थांबलेल्या त्या बायकोबद्दल बीड पुढे एक अक्षर लिहीत नाही, आणि मला ते दर वाचनात खटकते.

हिवाळ्यात बर्फाचे तुकडे वाहत असताना तो ट्वीड नदीत उभा राहून प्रार्थना करी. ओले कपडे अंगावरच वाळू देई. ही थंडी सोसते कशी, असे लोक विचारत. याहून कडक थंडी पाहिली आहे, एवढेच तो सांगे.