रेवदंड्याचे शनवार तेली

कुंडलिकेच्या मुखाशीं वसलेल्या रेवदंड्याचें नांव निघालें, कीं १७४० सालीं मराठ्यांच्या हातीं आलेल्या पोर्तुगीज कोटाची हकीकत सांगण्यांत येते. परंतु ज्या उद्योगानें या किनाऱ्यावरील घरांत दिवा लागे, त्याची आठवण क्वचितच होते. तो उद्योग म्हणजे तेल गाळण्याचा.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत बेने इस्राएल या मराठीभाषी यहुदी समाजाचीं पुष्कळ कुटुंबें हा धंदा करीत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सायंकाळपर्यंत तीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. रेवदंड्यांत त्यांचें बेथ एल नांवाचें प्रार्थनामंदिर आहे.

लाकडाची उखळी, तींत फिरणारी लाट आणि ती फिरविणारा झापड बांधलेला बैल, एवढीच या कारखान्याची सामग्री. त्यास ना कोळसा लागे, ना धुराडें. तेल निघाल्यावर उरलेली पेंड गुरें खात, गुरांचें शेण वाडीस जाई, आणि वाडींतला नारळ खोबरें होऊन पुन्हां घाण्यावर येई. सोडणाचा काथ्या होई, करवंटी चुलींत जाई, झावळ्यांचे झाप छपरावर चढत.

घाण्याचें काम मंद असे आणि पेंडींत बरेंच तेल राहून जाई. गिरणीचा हिशेबनीस यास तोटा म्हणेल. परंतु तें तेल गुरांच्या पोटीं जाई. बैलाचे कष्ट मात्र थोडे नव्हते. सातव्या दिवशीं माणसाबरोबर बैलासही विश्रांति द्यावी, अशी यहुदी धर्मशास्त्राची आज्ञा आहे. त्यामुळें मुक्या जनावराच्या श्रमासही कांहीं मर्यादा राहिली.

पुढें रॉकेल आलें, यंत्राच्या गिरण्या आल्या. अनेक कुटुंबें त्याआधींच मुंबईस गेलीं होतीं. तेथें सॅम्युएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलास गेलीं.

त्याच कुंडलिकेच्या काठीं, रोह्याजवळ धाटाव येथें, आज रासायनिक कारखाने आहेत. कारखान्यांच्या सांडपाण्यास आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रास १९६९ सालीं व केंद्रास १९७४ सालीं कायदा करावा लागला. तेल्याच्या पेंडीस दारींच गिऱ्हाईक होतें; रसायनाच्या सांडपाण्यास तें नाहीं. म्हणून माल तयार करण्याच्या खर्चांतच उरल्यासुरल्याची व्यवस्था लावण्याचा खर्चही धरला पाहिजे. नाहीं तर तो खाडीवरील कोळ्याच्या जाळ्यांतून वसूल होतो.