‘अप्रीती’पासून ‘गैरसोयी’पर्यंत : कायद्यातील मोघम शब्दांचा इतिहास

१/८
अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा इतिहास म्हटला की जप्त झालेली पुस्तके आणि तुरुंगात गेलेले संपादक आठवतात. मात्र अनेकदा सारा झगडा कायद्यातील एखाद्या शब्दाच्या अर्थावरच झालेला दिसतो. महाराष्ट्रातील अशा दोन प्रकरणांविषयी हा थ्रेड. दोहोंमध्ये ११५ वर्षांचे अंतर आहे.

२/८
१५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त व एक कविता छापून आली. प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुणे धुमसत होते. २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात टिळकांना अटक झाली. आरोप हत्येच्या कटाचा नव्हता, तर लेखनातून सरकारविषयी ‘अप्रीती’ पसरवल्याचा होता : कलम १२४-अ.

३/८
अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले : प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष. शिक्षा झाली १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची.

४/८
१८९८ मध्ये दुरुस्ती करून या कलमाची व्याप्ती अधिक स्पष्टपणे रुंदावण्यात आली. १९०८ साली त्याच कलमाखाली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली.

५/८
आता शतक ओलांडू. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ आले. संगणक वा मोबाइलवरून पाठवलेला ‘अतिशय आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रास’, ‘गैरसोय’ घडवणारा मजकूर गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या शब्दांची व्याख्या मात्र कायद्यात कोठेही नव्हती.

६/८
१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे, अशा आशयाची फेसबुक पोस्ट पालघरमधील (तेव्हाचा ठाणे जिल्हा) एका तरुणीने लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींनाही अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होते.

७/८
श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी असून केवळ कटू वा अप्रिय बोलणे चिथावणी ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा. संकेतस्थळे रोखण्याचा सरकारचा अधिकार देणारे कलम ६९-अ मात्र कायम राहिले.

८/८
अटकेला एक दिवस पुरला. कलम रद्द व्हायला २८ महिने लागले. रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, म्हणून २०२२ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. १८९७ मध्ये असा कायदा छापखाना असलेल्या संपादकाला गाठत असे. आज वाशीम जिल्ह्यातील मेडशीत मोबाइलवर दोन ओळी लिहिणारा तरुणही प्रकाशकच आहे. मोघम शब्दाचा पहिला अर्थ न्यायालयात लागत नाही, तो पोलीस ठाण्यात लागतो. म्हणून कायद्याचा मसुदा वाचताना शिक्षेच्या आकड्याआधी त्यातील विशेषणे वाचावीत.