लगड आणि बंदा रुपया

गोंडपिपरीसारख्या गावात चांदी म्हटली की दोन रूपे डोळ्यांपुढे येतात : सोनाराच्या पेटीतली लगड आणि म्हातारीच्या गळ्यातली रुपयांची माळ. यांतले काय साठवावे, हा प्रश्न आज हौसेचा वाटेल. 1899-1900 च्या दुष्काळात तो पोटाचा होता.

नागपूरचे राज्य 1854 साली खालसा झाले, तोवर रुपयासुद्धा पारखून, बट्टा कापूनच हाती पडे. मग कंपनीचा रुपया आला : वजन एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी. टांकसाळही सर्वांना खुली. कोणीही चांदी न्यावी, घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन यावे. त्यामुळे घरातले तोडे-वाळे म्हणजे जणू न छापलेले रुपयेच होते.

26 जून 1893 रोजी हे दार बंद झाले. जर्मनीने सोन्याचे चलन धरले होते, अमेरिकेच्या खाणींतून चांदी उसळत होती. भाव कोसळत होता आणि विलायतेला सोन्यात द्यावयाचा खर्च सरकारला जड जात होता. म्हणून रुपया दुर्मिळ करून त्याचा भाव सोळा पेन्सांवर नेला. चांदी मात्र घसरतच राहिली. 1900 च्या सुमारास रुपयातील चांदीची किंमत जेमतेम दहा-अकरा आणे उरली.

आता हिशेब पाहा. ज्याने रुपये पुरून ठेवले, त्याचा रुपया सोळा आण्यांचाच राहिला. ज्याने तेवढ्याच चांदीचे तोडे घडविले, तो दुष्काळात ते विकावयास गेला, तेव्हा पाच-सहा आणे गमावून परतला. कायदा झाला सिमल्यास. रानातल्या माणसाला तो कळला सराफाच्या तराजूवर! दादाभाईंनी या धोरणाला कडाडून विरोध केला. डॉ. आंबेडकरांनी 1923 च्या आपल्या ग्रंथात याच रुपयाची चिकित्सा केली; त्यांचा रोख मात्र निराळा होता. सरकारला मनास येईल तितके रुपये पाडता येऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे.

पुढे पारडे फिरले. 1940 साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, 1947 साली तो निकेलचा झाला. आज जुना राणीछाप रुपया पुन्हा लगडीच्याच पंगतीला बसतो. त्यात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. माळेसाठी डाक देऊन कडी लावलेला रुपया संग्राहक नाके मुरडून, कमी भावाने घेतो. सोनार ती कडी तोडतो आणि रुपया काट्यावर टाकतो.